शोई लेडीज स्लिपर: वाफ्यातले तिसरे वर्ष

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या आमच्या परसात यंदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात शोई लेडीज स्लिपर या आमरीच्या (ऑर्किडच्या) पाचांपैकी चार रोपांना कोंब फुटले. ही रोपे प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली आहेत, हे आधीच नमूद करतो. या आमरीला येथे १९०२ पासून राज्यपुष्पाचा मान आणि १९२५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय दलदलीतून खणून आणलेली रोपे बागेत सहसा जगत नाहीत.

पाचवे रोप माझ्या चुकीने गेले. दलदलीची वनस्पती म्हणून मी पहिल्या वर्षी तिला निव्वळ पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या आम्लधर्मी मातीत, लावले होते. प्रत्यक्षात ती चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर पोसलेल्या, आम्लता फारशी नसलेल्या ओलाव्यात वाढते. मुळे काळी पडू लागल्यावर उरलेली रोपे वाळू, परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके खडे) आणि थोड्या चुनखडीच्या चुऱ्यात हलवली. या वर्षीचे कोंब बोटाएवढे जाड होते आणि पाने निऱ्यांसारख्या घड्या उलगडत आली. त्यांवरील लव अनेकांच्या त्वचेला झोंबते, त्यामुळे हातमोजे घालूनच तण काढावे.

फुलाची घाई नाही. रानात धुळीइतक्या बारीक बीला स्वतःचा अन्नसाठा नसल्याने रुजण्यासाठी विशिष्ट बुरशीची सोबत लागते, आणि पहिले फूल येईपर्यंत पंधराएक वर्षे जाऊ शकतात.

जूनअखेरीस उत्तरेकडे चिपेवा राष्ट्रीय वनात गेलो, तेव्हा टॅमरॅक या सूचिपर्णी झाडांच्या विरळ सावलीत, या आमरीच्या फुलाच्या गुलाबी थैलीत शिरलेली एक मधमाशी बराच वेळ पाहिली. आत मध नसतो. आल्या वाटेने तिला परतता येत नाही, आणि मागच्या अरुंद फटीतून निघताना आधी स्त्रीकेसराला व नंतर परागपुंजाला घासूनच तिची सुटका होते. अशा जागी पाण्याचा निचरा करणारा एक चर खणला, झुडपांची सावली दाटली किंवा हरणांनी कोंब खुडले, की वसाहत आक्रसते. याउलट कॅनडातील ओंटारियोत जो पर्डन (Joe Purdon) नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या दशकात सापडलेल्या मोजक्या रोपांची आयुष्यभर निगा राखली, आणि तिथे आज हजारो रोपे आहेत. म्हणून माझ्या मते वाफ्यापेक्षा दलदलीचे पाणी जपणे अधिक निकडीचे आहे.

आमच्याकडेही हरणे येतात, म्हणून वाफ्याभोवती जाळी लावली आहे. पाने पिवळी पडली की पाइनच्या सुयांचा थर घालीन आणि त्याआधी पुढच्या वर्षीच्या कोंबांचे डोळे मोजून इथे नोंदवीन.