रडण्याआधी ती बरंच काही सांगते

भूक लागली की बाळ रडतं, असं मी समजत होते. आता कळतंय की रडणं हे शेवटचं. त्याआधी माझी लेक झोपेतच जीभ बाहेर काढते, ओठ चाटते, मान इकडून तिकडे वळवते. गालाला दुपट्याची कड लागली तरी तोंड उघडून तिकडे वळते. मग मूठ तोंडात. एवढं होईपर्यंत घेतलं, तर शांतपणे पिते. रडू कोसळलं की मात्र आधी समजूत काढावी लागते, कारण हुंदके देत तिला नीट धरताच येत नाही.

झोप आल्याच्या खुणा वेगळ्या. नजर माझ्यावरून काढून भिंतीकडे लावते, भुवया लालसर होतात. अशा वेळी खुळखुळा वाजवून तिला हसवायला कुणी आलं, की मी सरळ उचलून आत नेते. पाहुण्यांना राग आला तरी चालेल.

आज दहा आठवड्यांची लस झाली. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचा डोस आणि डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जिवाणू) या पाचांवरची एकच सुई. सुई टोचल्यावर क्षणभर नुसतं तोंड उघडं, आवाजच नाही, आणि मग असा टाहो फोडला की माझेच डोळे भरले. तिथेच बाकावर पदराखाली घेतलं. सिस्टर प्रत्येकीला न कंटाळता सांगत होत्या, ‘टोचलंय तिथे चोळायचं नाही, शेकायचं नाही, अर्धा तास बसून मगच जा.’ त्यामुळे आज मालिशला सुट्टी.

आजीला मालिश चुकलेली आवडत नाही. तिचे हात बघत राहावेत असे आहेत. तेल आधी स्वतःच्या तळव्यावर चोळून कोमट करते, पायापासून सुरुवात करते आणि सगळा वेळ बाळाशी बोलत असते. टाळूला मात्र फक्त बोटं टेकवते, दाबत नाही. ती पुढची टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष जातं.

गुटीवरून आमचं जमलं नव्हतं. सहाण, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड सगळं तिने काढून ठेवलं होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे मी धरून राहिले. उन्हाळ्यातही दुधातूनच पुरेसं पाणी मिळतं. आजीने चार दिवस अबोला धरला. मग दिवसाला सहा-सात लंगोट ओले होताना आणि वजन वाढताना तिनेच पाहिलं, आणि सहाण फडताळात गेली.

संध्याकाळचं रडणं अजून आहे. पोट भरलेलं, ढेकर काढलेला, लंगोट कोरडा, तरी रडते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं, हे माहीत असल्याने मला धीर येतो. ज्या आईला हे कुणी सांगितलेलं नसतं, ती आपलं दूध कमी पडतंय म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आणायला धावते. तिचा जीव किती कासावीस होत असेल! फार झालं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहावं. त्यात काही वाईट नाही.

रविवारी नवरा येईल. त्याच्या मांडीवर तिला देऊन या जिभेच्या आणि भुवयांच्या खुणा दाखवायच्या आहेत. रात्रीचा एक जागर तरी त्याने एकट्याने करायला हवा.