गिअरबॉक्स उतरवण्याआधी

कसारा घाट चढून नाशिकला परतलेल्या जुन्या गाडीच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकू लागले, की मिस्त्री लगेच निदान करतो, 'मागचं मेन ऑइल सील गेलं.' तेल अडवणारे हे सील क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावर, फ्लायव्हील या जड चाकाच्या आड बसलेले असल्यामुळे तिथवर पोहोचण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि काहीशे रुपयांच्या वस्तूसाठी मजुरी हजारांत जाते. म्हणून सिडकोतल्या आमच्या पार्किंगमध्ये हे काम मी स्वतःच करायला घेतले.

मात्र पाना हाती घेण्यापूर्वी तेल नेमके कुठून येते याची खात्री करायलाच हवी. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत याच जागी येते. त्यामुळे मी इंजिन धुऊन काढले, गाडी फिरवून आणली आणि मगच टॉर्चच्या उजेडात वरून खालपर्यंत माग काढला. तेलाला गंधकासारखा उग्र वास असेल, तर ते गिअर ऑइल असते आणि दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधले (इंजिनच्या पोटातले) वायू काढून देणारी झडप, चोंदला असेल, तर तिथला दाब नवे सीलही टिकू देत नाही. गॅरेजमध्ये ही तपासणी सर्रास राहून जाते.

गाडी भक्कम स्टँडवर, इंजिनला वेगळा आधार आणि गिअरबॉक्स झेलायला दुसरा माणूस, एवढे नसेल तर या वाटेला जाऊ नये. ड्राइव्हशाफ्ट, स्टार्टर, माउंटिंग हे सारे कष्टाचे असले तरी अवघड नाही. खरी कसोटी जुने सील उचकटताना लागते, कारण क्रँकवर एक ओरखडा उठला तरी गळती कायम राहते. नव्या सीलची ओठासारखी कड इंजिनकडे ठेवावी. रबरी सीलला तेलाचा हात लावावा, पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) मात्र कोरडेच बसवावे. ते तिरके जाऊ नये म्हणून मी अंबडच्या एका लेथवाल्याकडून मापाची रिंग करून घेतली होती आणि तो खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

फ्लायव्हीलचे बोल्ट मॅन्युअलमधल्या मापानुसार टॉर्क रेंचने आलटून-पालटून समोरासमोर आवळावेत. तेलाने भिजलेली क्लच प्लेट पुसून परत वापरू नये. सगळे उघडलेच आहे, तर क्लचचे रिलीज बेअरिंगही बदलावे. ड्राइव्हशाफ्ट काढताना सांडलेले गिअर ऑइल इंजिन सुरू करण्यापूर्वी भरावे. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात साचलेले जुने तेल नंतरही थोडे टपकते, त्यामुळे ते निथळेपर्यंत नव्या सीलला दोष देऊ नये.