पहिली क्रूझ, आईपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना घेऊन

क्रूझचं नाव काढल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आईचा, "मला बोट लागली तर काय करायचं?" मुलांना स्विमिंग पूल दिसत होता, नवऱ्याला बजेट, आणि आई आपली तेवढंच विचारत होती. मी मग सगळं प्लॅनिंग तिच्या प्रश्नापासूनच सुरू केलं, कारण घरातलं सगळ्यात नाजूक माणूस नीट राहिलं की बाकीच्यांची ट्रिप आपोआप होते, आणि ते आजारी पडलं तर कितीही भारी जहाज असू दे, सगळे आळीपाळीने त्याच्या उशाशी.

म्हणून क्रूझ छोटीच घेतली. पहिल्याच वेळी आठवडाभर समुद्रावर राहायचं म्हणजे घरातल्या एकालाही झेपलं नाही तर मधेच उतरून घरी जायची सोय नसते. मात्र छोटी घेतली तरी त्यात एक पूर्ण दिवस समुद्रावरचा असावा असं मला मनापासून वाटतं, नाहीतर रोज सकाळी उतरा आणि संध्याकाळी चढा यातच वेळ जातो आणि जहाज बघायचं राहूनच जातं.

केबिनवर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि ते फार उपयोगी पडलं. जहाज सी-सॉसारखं हलतं, टोकं वरखाली होतात आणि मध्यावर त्यामानाने कमी जाणवतं, आणि जितकं वर जाल तितकं डावं-उजवं डुलणं जास्त. त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मधली आणि खालच्या डेकवरची (म्हणजे खालच्या मजल्यावरची) केबिन. हल्लीच्या बहुतेक मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्याने डुलणं बरंच कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. आईसाठी आम्ही खिडकीवाली घेतली. बोट लागते ती कान सांगतो हलतंय आणि डोळे सांगतात सगळं स्थिर आहे या गोंधळामुळे, क्षितिजाकडे बघत बसलं की दोघांचं जमतं. आतल्या केबिनला खिडकीच नसते, दिवा बंद केला की भर दुपारीही मिट्ट काळोख, ज्यांना नुसतं झोपायलाच केबिन हवी त्यांना ती स्वस्तात चांगली.

बुक करताना डेक प्लॅन उघडून आपल्या वर आणि खाली काय आहे ते जरूर बघा. वर पूल डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज. आणि स्वस्तातलं गॅरंटी बुकिंग असतं, त्यात केबिन नंबर कंपनी नंतर ठरवते, दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाने त्याच्या वाटेला जाऊ नये, आजी एका टोकाला आणि नातवंडं दुसऱ्या टोकाला असं होऊ शकतं. आम्ही मधे दार असलेल्या शेजारच्या दोन केबिन घेतल्या.

बोट लागण्याच्या गोळ्या त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. पण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे वयस्कर माणसांनी डॉक्टरांना आपली बाकीची औषधं दाखवून, विचारूनच घ्याव्यात.

कागदपत्रांचं म्हणाल तर पासपोर्टची मुदत बघा (बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात) आणि व्हिसा सिंगल एंट्री की मल्टिपल ते बघा. जहाज एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत पहिल्या देशात येत असेल तर ती दुसरी एंट्री धरली जाऊ शकते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणि चोविसाव्या आठवड्यापासून पुढची गरोदर बाई यांना बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. इन्शुरन्स घ्याच. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल वेगळं, आणि हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर विचारू नका. तिकिटात काय नाही तेही आधीच लिहून काढलं, म्हणजे वायफाय, बंदरावरच्या टूर्स, आणि बऱ्याच ठिकाणी माणशी दर रात्रीची टिप. फोन चढल्या चढल्या एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर तो गपचूप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं.

बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोचलो. फ्लाइट लेट झाली म्हणून जहाज सहसा थांबत नाही. मोठ्या बॅगा टॅग लावून खालीच द्यायच्या, त्या केबिनच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, काढून घेतात.

मग सेफ्टी ड्रिल. बरेच जण कंटाळतात, मला मात्र हे फार महत्त्वाचं वाटतं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कलंडली, 32 माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चढल्यापासून 24 तासांत ड्रिल घ्यायची सवलत होती. आता 2015 पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच ड्रिल झालीच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी जायचं. धाकट्याच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधला, आणि आईने केबिनपासून तिथपर्यंतचा जिना दोनदा चालून पाहिला, कारण आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. तिच्या गुडघ्यांना किती वेळ लागतो ते तिला बघायचं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

सुटताना रेलिंगजवळ उभे राहा, आत जाऊ नका. बंदरातून बाहेर काढायला स्थानिक पायलट, म्हणजे तिथलं पाणी माहीत असलेला वाटाड्या, ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) असतो, मोकळ्या समुद्रात आलो की एक छोटी बोट चालत्या जहाजाला अगदी चिकटून धावायला लागते आणि तो दोराच्या शिडीने खाली येतो, बोट वर उचलली गेली की नेमकं त्याच क्षणी पाय टाकतो. मुलं श्वास रोखून बघत होती. थोरल्याने मग सगळ्याचेच हिशोब सुरू केले, 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, म्हणजे रात्रभरात किती.

बंदरावर उतरल्यावर एकच गोष्ट सांभाळायची ती म्हणजे जहाजाचं घड्याळ. कधीकधी बंदराची वेळ आणि जहाजाची वेळ वेगळी असते, तुम्हाला जहाजाचीच धरायची, आणि परत यायची वेळ सुटायच्या वेळेच्या आधीची असते. रोजच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरावरच्या माणसाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवला. जिथे धक्का नसतो तिथे छोट्या टेंडर बोटीने नेतात, तिच्यात पाय टाकताना वयस्कर माणसाला जरा कठीण जातं, पण क्रूचे लोक दोन्ही बाजूंनी हात धरतात. बुक करताना कुठल्या बंदरावर टेंडर आहे ते विचारून ठेवा, म्हणजे तिथे आजीबरोबर जहाजावर कोण थांबणार ते आधीच ठरतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला आणि आईची सकाळची गोळी मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. ज्यांना लवकर निघायचंय ते स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत पहिल्यांदा उतरू शकतात, आम्ही मात्र शेवटच्या गटांपैकी एक मागून घेतला, सगळ्यांनी निवांत नाश्ता केला आणि गर्दी ओसरल्यावर खाली उतरलो.