पोचा पडलेलं चिपटं

कोल्हापुरात चटणी म्हटलं की समोर खोबऱ्याची नाहीतर पुदिन्याची वाटी येत नाही, हे बाहेरच्यांना समजावून सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट. तीच आमटीत, तीच तांबड्या रश्श्यात, तीच मिसळीच्या कटात, आणि घरात काहीच नसेल तर तीच भाकरीवर, वरनं कच्चं तेल आणि बाजूला बुक्कीनं फोडलेला कांदा. नोकरीसाठी चार वर्षं पुण्यात काढली तेव्हा पगारापेक्षा चटणीच्या डब्याची वाट जास्त बघायचो. पगार महिन्याला यायचा, डबा यायचा तो कुणी गावाकडनं येणार असेल तरच.

तर ही चटणी आजीची. म्हणजे असं आम्ही मानतो. आजी जाऊन 22 वर्षं झाली, तिनं लिहून काही ठेवलं नाही, तिला लिहायला येतच नव्हतं, सगळा कारभार चिपट्याच्या मापावर. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेराची पायली. किलो-ग्रॅमचा कायदा 1956 साली झाला पण आजीच्या चुलीपर्यंत तो काही शेवटपर्यंत पोचला नाही. चिपटं पितळेचं होतं आणि त्याला एका बाजूनं चांगला अंगठ्याएवढा पोचा, कारण थोरल्या काकांनी लहानपणी ते फरशीवर आपटलेलं. त्यामुळं माप कायम थोडं कमी भरायचं, आजीला ते ठाऊक, म्हणून ती वरनं एक मूठ टाकायची. धन्याला टाकायची, खोबऱ्याला कधी टाकायची कधी नाही. का, ते तिलाच माहीत.

पुढं घराची वाटणी झाली. जागेवरनं कुणी फार भांडलं नाही, भांडण लागलं ते चिपट्यावरनं. ते थोरल्या काकांकडं गेलं आणि आई ही गोष्ट आजपर्यंत विसरलेली नाही. मग आईनं एक स्टीलचा पेला धरला, "चिपट्याएवढाच हाय, मी बघितलोय मापून" असं ती म्हणते (आमच्याकडं बायका पण बघितलो, गेलो, आलोच म्हणतात), मला तरी तो मोठा वाटतो. धाकट्या काकू शिकलेल्या, त्यांनी सरळ तराजू आणला, किलो मिरचीला पाव किलो धने, पाव किलो खोबरं, विषय संपला. आणि थोरल्या घरात एका वर्षी चुलतभावानं हौसेनं चिपट्याचा पोचा काढून, पॉलिश मारून आणलं. झालं, माप भरलं पूर्ण, पण काकूंच्या हाताला सवय मुठीची, त्यांनी वरनं मूठ टाकलीच. त्या वर्षी त्यांच्या आमटीला वर्षभर धन्याचा वास. आई तोंडावर काही बोलली नाही पण घरी येऊन जेवताना जरा जास्तच खुशीत होती.

एकाच गल्लीत तीन घरं, तीन बरण्या, आणि प्रत्येकीचं म्हणणं अस्सल आजीची चटणी आमचीच.

आता अस्सल म्हणायचं तर कशाला म्हणायचं हा पण प्रश्नच आहे म्हणा. रंगाला ब्याडगी लागते, ती हावेरी जिल्ह्यातली. जाळाला संकेश्वरी, ते गाव बेळगाव जिल्ह्यात. हळकुंडं सांगलीची. आणि मुळात मिरचीच पोर्तुगीजांच्या जहाजातनं आली, त्याच्या आधी आपले लोक मिरी घालून खात होते. पण हे आईला सांगायची सोय नाही. ती लक्ष्मीपुरीत दुकानात मिरची हातात घेऊन मोडते, आतलं बी बघते, वास घेते, आणि नाक मुरडून पुढच्या दुकानात जाते. निम्मा दिवस जातो त्यात. मग गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची, रात्री हात जळायला लागले की कुणी खोबरेल लावतंय कुणी थंड पाण्यात हात बुडवून बसलंय, आणि भाजायला घेतली की अख्खी गल्ली ठसकते. कुणी तक्रार करत नाही कारण पुढच्या आठवड्यात त्यांची भाजायची असते.

यंदा माझ्या लेकीनं ठरवलं की आजीची रेसिपी लिहूनच काढायची. वही घेतली, डिजिटल काटा घेतला, आणि आईच्या मागं मागं, "आजी, लवंग किती ग्रॅम, दगडफूल किती ग्रॅम?" आई म्हणाली, "ग्रॅम काय विचारतीस गं सारखं, वास बघ की." पोरीनं वहीत लिहिलं, वास. पुढं कंसात काय लिहायचं तिला सुचेना.

गेल्या आठवड्यात डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत गेलो. तिथं घरचं एक माणूस बसावंच लागतं, नाहीतर आपल्यात दुसऱ्याची मिसळते. डोळ्यातनं पाणी, नाकाला रुमाल, लोखंडी मुसळं धाडधाड पडतायत. आमच्या आधी नंबर कुणाचा, तर थोरल्या काकूंचा. आता त्या थकल्यात, सुनेला घेऊन स्टुलावर बसलेल्या. आई आणि त्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, बोलायला त्या आवाजात काय येतंय. त्यांचं कुटून झालं, डबा भरला, सुनेनं उचलला. डंकवाल्या पोरानं आमची मिरची ओतायच्या आधी कुंचा घेतला आणि उखळातली राहिलेली चटणी झाडायला लागला.

आईनं पुढं होऊन त्याचा हात धरला.

"लई झाडू नको रं. घरचीच हाय ती."