ग्रो बॉक्सची हिवाळी नोंद: आधी पंखा, मग हीटर

निफाडचा पारा पाच-सहावर उतरला की तिकडे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. इथे नाशिकमध्ये माझी बाग प्लायच्या कपाटात आहे, तिथे शेकोटी चालत नाही. कपाट तेच जुनं: ६० बाय ६० सेंमी, उंची १५०, आतून चंदेरी फॉइल, वर १०० वॉटचा एलईडी. आत भूत जोलोकिया आणि लवंगी या मिरच्या, आणि कोपऱ्यात थोडी तुळस. खोली पहाटे १३-१४ अंशांवर येते. मिरची १५च्या खाली वाढायचं थांबवते, आणि तुळशीचं तर विचारूच नका, गारठ्यात पानं काळी पडतात.

थंडी वाढली की सगळे आधी हीटर शोधतात. मी म्हणतो, आधी पंख्याचा हिशेब करा. कपाटात हवा जेमतेम अर्धा घनमीटर. चार इंची डक्ट फॅन ताशी दीडशे घनमीटर सहज ओढतो, म्हणजे मिनिटाला चार-पाच वेळा सगळी हवा बाहेर. एवढी हवा खोलीपेक्षा १० अंश गरम ठेवायला ५०० वॉट लागतात. आपल्याकडे दिव्याचे आहेत १००. त्यात दोन अंश वाढले तरी नशीब. उलटा हिशेब केला तर १०० वॉटमध्ये १० अंश हवे असतील, तर ताशी ३० घनमीटरच परवडते. प्लायमधून जाणारी ऊब धरली तर त्याहूनही कमी.

म्हणून डक्ट फॅन माळ्यावर गेला. त्याच्या जागी कॉम्प्युटरचा १२० मिमी पंखा, १२ऐवजी ५ व्होल्टवर. (काही पंखे ५वर सुरूच होत नाहीत, घेताना दुकानात लावून बघा.) खालचं हवेचं भोक खोलीत उघडतं, खिडकीकडे नाही. एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा डबा, तोही तापतो) उन्हाळ्यात बाहेर टांगलेला असतो, तो आता आत घेतला. फुकटची थोडी ऊब.

पंखा अजिबात बंद करायचा मोह मात्र टाळा. दिव्याखाली रोपं बंद कपाटातला कार्बन डायऑक्साइड संपवत आणतात. दुसरी भीती दमटपणाची. आत २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १६च्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. दिवा दिवसा चालू, रात्री बंद असा क्रम होता तेव्हा पहाटे दाराच्या बिजागरीजवळ फॉइलवर थेंब लोंबत असायचे, खालचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीऐवजी) कायम ओलं. कोवळ्या रोपांना मर लागायला एवढं पुरतं.

यावर उपाय एक पैशाचाही नाही: दिव्याची वेळ फिरवली. आता संध्याकाळी ६ ते सकाळी १० दिवा चालू. बाहेर गारठा असताना आत दिव्याची ऊब, आणि दिवा बंद असतो तेव्हा खोलीच चोविसाच्या आसपास असते. फॉइल कोरडी. आई रोज विचारते, रात्रभर कपाटात काय चालतं. तिला वीजबिलाचा आकडा सांगितला, दिवसाला दीड युनिटभर. तिचं समाधान झालं नाही.

जोलोकियाच्या नव्या बियांसाठी २० वॉटची हीटिंग मॅट लावली, डब्ल्यू-१२०९ कंट्रोलरवर, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या छोट्या सर्किटवर. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवेत लोंबता ठेवू नका, ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये खुपसा. रोपाला मुळाशी किती ऊब आहे ते महत्त्वाचं. मुळं गार पडली की स्फुरद उचललं जात नाही आणि पानाची मागची बाजू जांभळट होते. सेटिंग २७ अंश. पी-१ (मॅट बंद होणं आणि परत चालू होणं यातला अंशांचा फरक) मूळचं २ असतं, ते १ केलं, नाहीतर चढउतार फार होतो.

सध्या दिव्याखाली २३-२५, सकाळी दिवा गेल्यावर २०. थंड हवा आत येऊन तापली की कोरडी पडते, आर्द्रता तिशीत घसरते, म्हणून तळाला पाण्याचं ताट ठेवलंय. लवंगीला नवे शेंडे फुटले, तुळस हिरवी आहे. जोलोकियाच्या बिया मात्र अजून जमिनीखालीच. ही जात महिनाभरही घेते, त्यामुळे ट्रे उकरून बघणं सध्या बंद.