फळी धरणारा आणि न्यूटनचा तिसरा नियम

तायक्वांदोच्या प्रात्यक्षिकात टाळ्या मिळतात त्या फळी फोडणाऱ्याला. ती फळी दोन्ही हातांनी धरून समोर उभा असलेला माणूस कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही आणि छायाचित्रात बहुतेकदा त्याची पाठच येते. हौशी पातळीवर या कलेचा सराव करताना आणि मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र या दोघांपैकी धरणाऱ्याचेच काम अधिक विचार करण्याजोगे वाटत आले आहे. कोरियन युद्धकलांमध्ये परस्पर आदराविषयी जे सतत सांगितले जाते ते शिस्तीचा किंवा संस्काराचा भाग म्हणून सांगितले जाते. माझे म्हणणे असे की, त्यातला बराचसा भाग यांत्रिकीतूनच येतो, कारण बल कधीच एकट्याचे नसते. ते लावायला जेवढा एक लागतो तेवढाच ते झेलायला दुसरा लागतो.

साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि २ सेंटिमीटर जाड अशी पाइनची फळी घेतली, तर ती दोन समांतर कडांवर धरली जाते आणि लाकडाचे रेषे त्या कडांना समांतर ठेवले जातात. मध्यावर लाथ बसली की फळी किंचित वाकते, मारणाऱ्याच्या बाजूचा पृष्ठभाग आवळला जातो, मागचा ताणला जातो आणि तडा त्या ताणलेल्या बाजूने, रेषांच्या दिशेने धावतो. हे सगळे घडण्यासाठी फळीच्या कडा जागेवर राहणे आवश्यक असते. धरणाऱ्याचे कोपर सैल असतील तर फळी वाकण्याऐवजी मागे सरकते, धडकेचा कालावधी लांबतो, बलाचा कमाल आकडा फळी तुटण्याच्या मर्यादेखालीच राहतो आणि सगळा संवेग धरणाऱ्याच्या मनगट-खांद्यांत व मारणाऱ्याच्या पायात जिरवावा लागतो. फळी तुटते तेव्हा पायाला तिच्यापुरतेच बल सोसावे लागते आणि उरलेल्या गतीनिशी तो पुढे निघून जातो. न तुटलेली फळी मात्र पायाला जागीच थोपवते. न फुटलेली फळी फुटलेल्या फळीपेक्षा जास्त दुखते, हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव आहे आणि त्याचे कारण एवढेच.

याहून वाईट प्रकार म्हणजे लाथ येताना दिसताच धरणाऱ्याने घाबरून हात मागे घेणे. समजा पाऊल सेकंदाला ६ मीटर वेगाने येत आहे आणि फळी त्याच दिशेने सेकंदाला १ मीटर वेगाने मागे सरकली. सापेक्ष वेग ५ मीटर उरला. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती ३६ वरून २५ वर, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. मारणाऱ्याचे तंत्र निर्दोष असूनही फळी तुटणार नाही आणि बघणारे दोष त्यालाच देतील. म्हणून धरणाऱ्याला शिकवले जाते की, पाय पुढे-मागे रोवावेत, कोपर ताठ करावेत, शरीराचे वजन फळीच्या मागे आणावे आणि किरच्यांपासून डोळे वाचवण्यासाठी तोंड बाजूला वळवावे. समोरून येणारी लाथ न पाहता स्थिर उभे राहायचे, हा विश्वास आहे. आणि मारणाऱ्याने आधी दोन-तीनदा अंतर मोजून, पाऊल फळीच्या मध्यापर्यंत हळूच नेऊन दाखवायचे, ही त्या विश्वासाची परतफेड आहे. बोटांवर लाथ बसली तर ती धरणाऱ्याच्या बसते, मारणाऱ्याच्या नाही.

(जाता जाता: एकावर एक, मध्ये अंतर न ठेवता रचलेल्या दोन फळ्यांना साधारण दुप्पट बल लागते, पण तेवढ्याच एकूण जाडीच्या एकाच अखंड फळीला चौपट लागते, कारण वाकून तुटण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाने वाढतो. मधे पट्ट्या ठेवून रचलेल्या फळ्या तर एकामागून एक तुटतात. प्रात्यक्षिकातली उंच चळत पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.)

आता फळीच्या जागी माणूस उभा करू. दोल्यो छागी, म्हणजे गोलाकार फिरून बाजूने येणारी लाथ, ही तायक्वांदोची सर्वाधिक वापरली जाणारी लाथ आहे आणि तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गुडघा आधी घडी करून वर उचलतात; त्यामुळे पायाचे वस्तुमान नितंबाच्या सांध्याजवळ येते आणि फिरण्याला होणारा विरोध घटतो. वस्तुमान निम्म्या अंतरावर आणले की हा विरोध पावपट होतो. त्यानंतर कंबर वळते, मांडी वेग घेते, आणि मांडी मंदावू लागताच तिचा वेग पोटरीकडे व पावलाकडे सोपवला जातो, जणू एखाद्या चाबकाचे टोक. टेकलेल्या पायाची टाच या वेळी फिरली नाही, तर हा सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. त्यामुळे ‘टाच फिरव’ ही सूचना शैलीची नसून सुरक्षिततेची आहे.

या लाथेचे हिशेब करून पाहू. पावलाचा वेग सेकंदाला १२ मीटर आणि धडकेत प्रत्यक्ष भाग घेणारे वस्तुमान ३ किलो धरले, तर संवेग ३६ एकक होतो. तो १० मिलिसेकंदांत थांबला तर सरासरी बल ३६०० न्यूटन, आणि होगूच्या, म्हणजे छातीवरच्या जाड कवचाच्या, फोममुळे तोच ३० मिलिसेकंदांत थांबला तर १२०० न्यूटन. कवच लाथेचा संवेग कमी करत नाही, फक्त थांबण्याचा वेळ वाढवते. हेच काम सरावात जोडीदार आपल्या अंगाने करतो: श्वास सोडून पोटाचे स्नायू आवळतो आणि फटक्याबरोबर किंचित मागे जातो. फळी धरताना जे चुकीचे होते तेच इथे बरोबर ठरते. ढाल, म्हणजे लाथा झेलण्याची जाड गादी, धरणाऱ्याने फळी धरणाऱ्याप्रमाणे ताठ उभे राहू नये, हे कित्येक वर्गांत सांगितलेच जात नाही.

दुसरा हिशेब वेळेचा आहे. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. मीटरभर अंतर सरासरी ६ मीटर वेगाने कापणारी लाथ ०.१७ सेकंदात पोहोचते. म्हणजे जवळच्या अंतरावर लाथ पाहून मग ती चुकवणे शरीराला जवळपास शक्य नसते. खेळाडू खांदा, कंबर किंवा टेकलेल्या पायाच्या हालचालीवरून ती आधीच ओळखतो. नवशिक्याला हे ओळखता येत नाही. त्याच्यासमोर जोर लावणारा वरिष्ठ त्याला वेगाचा धडा देत नसतो, तर ज्याला उत्तर देणे अशक्य आहे अशा परिस्थितीत त्याला उभे करत असतो. ठरवून केलेल्या तीन पावलांच्या सरावात हल्ला करणाऱ्याने आधी अंतर मोजायचे आणि तयारीची खूण मिळाल्यावरच पुढे यायचे, ही पद्धत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. वाकून केलेला नमस्कारही याच वेळापत्रकात बसतो. ‘छार्यट, क्यंगन्ये’ या आज्ञांवर दोघे सावध होतात, वाकतात, आणि ‘शिजाक’ म्हटल्याशिवाय काहीही सुरू होत नाही. कोण कधी तयार होता याविषयी त्यामुळे वाद उरत नाही.

डोक्याच्या बाबतीत तर कवचावर विसंबणे धोक्याचे आहे. शिरस्त्राण कवटीवरचा थेट आघात आणि जखमा कमी करते, परंतु डोके झटक्याने फिरल्यामुळे मेंदूला बसणारा हिसका ते फारसे रोखू शकत नाही. साडेचार-पाच किलोंचे डोके सडपातळ मानेवर असते. बाजूने आलेली लाथ ते नेमके फिरवते. त्यामुळे सरावात डोक्याकडे जाणारी लाथ स्पर्शापाशीच थांबवता येणे हेच कौशल्य मानले पाहिजे. थांबवण्यासाठी विरुद्ध दिशेने काम करणारे स्नायू वेळेवर आवळावे लागतात आणि समतोल शेवटपर्यंत राखावा लागतो, म्हणून अशी लाथ जोरदार लाथेपेक्षा अवघड असते.

बल आणि सौजन्य यांची सांगड घालणारा मी पहिला नव्हे. १९५५ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने तायक्वांदो हे नाव स्वीकारले गेले आणि ज्यांनी १९६६ मध्ये सोल येथे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन स्थापन केले, ते जनरल चोई होंग-ही यांनी एकीकडे सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती ही पाच तत्त्वे सांगितली, तर दुसरीकडे प्रतिक्रिया बल, एकाग्रता, समतोल, श्वासनियंत्रण, वस्तुमान आणि वेग या सहा घटकांचा ‘शक्तीचा सिद्धांत’ मांडला. शिकवताना या दोन याद्या वेगवेगळ्या पानांवर राहतात, याचे मला नवल वाटते.

त्या सिद्धांताचा मला आदर आहे, पण तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. एका मुठीने ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेकडे ओढली की प्रतिक्रियेमुळे ठोसा वाढतो, असे सांगतात. ओढलेल्या हातामुळे धड फिरायला थोडी मदत होते हे खरे, परंतु खरी प्रतिक्रिया जमिनीकडून येते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून ठोसा मारून पाहिला की घर्षणाचा वाटा लगेच कळतो. ठोशाआधी शरीर किंचित वर उचलून खाली सोडण्याची जी लाटेसारखी हालचाल या शैलीत शिकवली जाते, तिचाही हिशेब करता येतो. शरीर ५ सेंटिमीटर खाली आले तर मिळणारा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर, आणि तोही खालच्या दिशेने. समोर जाणाऱ्या ठोशाला त्यातून थेट फार काही मिळत नाही. स्नायू सैल सोडून योग्य क्षणी आवळण्याची सवय मिळते, आणि ती मोलाची आहे. असा प्रश्न वर्गात विचारला की काही प्रशिक्षकांना तो उद्धटपणा वाटतो. मला मात्र गुरूचे म्हणणे मोजून पाहण्याइतके गंभीरपणे घेणे हाच आदराचा प्रकार वाटतो.

ऑलिंपिकमध्ये हे मोजणे यंत्राकडे गेले आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून आलेला तायक्वांदो २००० मध्ये सिडनीत पदकांचा खेळ झाला, आणि २०१२ पासून तिथे संवेदक बसवलेले इलेक्ट्रॉनिक होगू वापरले जातात. वजनगटानुसार ठरलेल्या पातळीपेक्षा जोरात फटका बसला की गुण नोंदवला जातो. पक्षपाताच्या तक्रारी कमी होण्यास याचा उपयोग झाला असेल, पण खेळाडू पुढचा पाय उचलून धरून तलवारबाजीसारखे खेळू लागले, कारण किमान पातळी ओलांडणे पुरेसे होते. फिरून मारलेल्या लाथांना जादा गुण देऊन हे बदलण्याचा प्रयत्न झाला. नियमांतला मला आवडणारा भाग मात्र साधा आहे: पंचाने ‘काल्यो’ म्हणून थांबवल्यानंतर मारणे किंवा पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करणे यासाठी काम-जम, म्हणजे दंड दिला जातो आणि गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

हापकिडोमध्ये हाच विषय अधिक जवळून, अक्षरशः हातात हात घेऊन समोर येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चोई योंग-सुल यांनी देगू शहरात शिकवलेल्या तंत्रांतून वाढलेल्या या कलेत सांधे पिरगाळणे आणि फेकणे मुख्य असते. मनगट पिरगाळताना सुरुवातीचे अंश सोपे जातात, परंतु सांध्याच्या मर्यादेजवळ विरोध झपाट्याने वाढतो आणि तिथून इजेपर्यंतचे अंतर फार थोडे असते. जोडीदाराला वेदना जाणवून त्याने हात आपटायला ०.२ सेकंद आणि ते कळून आपण सोडायला आणखी ०.२ सेकंद धरले, तर सेकंदाला १०० अंश वेगाने वळणारे मनगट तेवढ्या वेळात ४० अंश पुढे गेलेले असते. मर्यादेजवळ वेग कमी करणे याला त्यामुळे पर्याय नाही. सेकंदाला १० अंश इतका वेग उतरवला तर तेच ४ अंश होतात आणि मनगट वाचते.

पडण्याचेही तसेच आहे. ६० किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य १ मीटर खाली आला तर सुमारे ५९० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. पडण्याच्या तंत्रात हनुवटी छातीकडे ओढून, पाठ गोल करून आणि हात पूर्ण लांबीने जमिनीवर आपटून ती मोठ्या क्षेत्रफळावर व जास्त अंतरावर वाटली जाते. थांबण्याचे अंतर पाचपट केले की सरासरी बल साधारण एक पंचमांश होते. फेकणारा शेवटच्या क्षणी जोडीदाराची बाही वर ओढून धरतो, तेव्हा त्या ऊर्जेतला काही वाटा तो स्वतःच्या पाठीवर घेतो.

कोरियाच्या पारंपरिक कुस्तीत, स्सिरुममध्ये, सुरुवातच दोघांनी एकमेकांचा सात्बा, म्हणजे कमरेला आणि मांडीला बांधलेला पट्टा, धरून होते. वाळूत गुडघे टेकून, पकड घेऊन, दोघे बरोबरच उठतात. धावत येऊन वेगाचा फायदा कुणालाच घेता येत नाही. २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाची संयुक्त नोंद म्हणून हा खेळ युनेस्कोच्या यादीत गेला.

कोरियन प्रशिक्षणगृहांतली ज्येष्ठ-कनिष्ठ शिस्त कडक असते आणि तिचे फायदे मी नाकारत नाही. मात्र काही ठिकाणी ज्येष्ठ नेहमी फेकतो आणि कनिष्ठ नेहमी पडतो, ज्येष्ठ मारतो आणि कनिष्ठ ढाल धरतो. तिथे नमस्कार दोघेही करत असले तरी सगळे ज्यूल एकाच बाजूच्या सांध्यांत जमा होत राहतात. अशा वर्गात ‘परस्पर’ हा शब्द वापरण्याला अर्थ नाही. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत उमेदवाराने नवशिक्याची बेंगरूळ, चुकीच्या कोनातून आलेली फेक सुखरूप झेलून दाखवावी आणि मग ती कुठे चुकली हे त्याला शांतपणे सांगावे, अशी एक कसोटी ठेवायला हरकत नसावी. ती कित्येक उंच लाथांपेक्षा अवघड जाईल, कारण नवशिक्याच्या फेकीची दिशा आधी ओळखता येत नाही.