आधी सौदीची सूट काढा

गेल्या आठवड्यात इथे अमेरिकेत ऑफिसात डबा खाताना शेजारच्या अमेरिकन सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे अल्पसंख्याकांचं काय चाललंय? आमच्या धर्मस्वातंत्र्य आयोगाने परत भारताचं नाव घेतलंय." घास घशातच अडकला.

१९९८ चा इथला आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा. २००५ मध्ये मोदींचा व्हिसा अडला तो याच कायद्याने. त्यातून जन्मलेला आयोग २०२० पासून भारताला 'विशेष चिंतेच्या देशां'त, म्हणजे धर्मस्वातंत्र्याची गंभीर पायमल्ली करणाऱ्यांच्या यादीत, टाका म्हणतोय. परराष्ट्र खातं काही टाकत नाही. स्वतःच्याच सरकारला असं जाहीरपणे सुनावणारा सरकारी आयोग, याचं मला कौतुक आहे.

पण यादीतल्या देशावरचे निर्बंध माफ करायची ती सूट! सौदी अरेबिया २००४ पासून यादीत आहे. तिथे चर्च बांधता येत नाही, देवळाचं तर नावच नको. तरी २००६ पासून राष्ट्रहिताच्या नावाखाली निर्बंध माफ, शस्त्रांचे सौदे चालू. धर्मासाठी यादीत घालायचं आणि तेलासाठी सोडायचं? शिवाय आयोगाने अमेरिकेकडे बघायचंच नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, त्याला त्यांच्या अहवालात जागाच नाही.

सहकाऱ्याला मी आपल्या राज्यघटनेचं कलम २५ ऐकवलं: धर्मस्वातंत्र्य सर्व व्यक्तींना, नुसतं नागरिकांना नव्हे. अलिबागकडच्या बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, सांगितलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, पण त्यांच्या शनिवार पाळण्याच्या आड कोणी आलं नाही. त्याने झुंडबळींचं विचारलं. "आमच्याकडे कोर्टं आहेत," मी म्हणाले. आहेतच की.

आमच्या उत्तर व्हर्जिनियात उइगर लोकांची, म्हणजे चीनमधून आलेल्या मुस्लिमांची, मोठी वस्ती आहे. त्यांच्या एका खाणावळीत आम्ही हाताने ओढलेल्या नूडल्स खायला जातो. तिथे गल्ल्यावरच्या माणसाने एकदा मोबाइलवर आयोगाची, धर्मापायी तुरुंगात असलेल्या कैद्यांची यादी उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. त्याचा थोरला भाऊ. "तिकडे घरचेसुद्धा फोनवर त्याचं नाव घेत नाहीत," तो म्हणाला. ही यादी ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीने सक्तीचं झालं. त्या दुरुस्तीला नाव आहे फ्रँक वुल्फ यांचं, आमच्याच भागाचे माजी खासदार.

त्यामुळे हा कायदा मोडीत काढा असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण सौदीची सूट आधी काढा, मग आम्हाला विचारायला या, हे मी पुढच्या वेळी डबा खातानाही म्हणणार आहे.